तारेचे फेरे

आई,

आपल्या घरात पहिला मोबाइल आला तेव्हा तुला मोबाइलपेक्षा त्याच्या चार्जरचंच जास्त कौतुक होतं. चार्जर भिंतीत खोचला की थोड्या वेळाने तू जाऊन त्याला उलटा हात लावायचीस, लहान मुलाचा ताप बघावा तसा, आणि म्हणायचीस, "गरम होऊन राहिला. कोणीतरी आतलं कॉइल मन लावून गुंडाळलं नाही." आम्ही सगळे हसायचो. तू गेलीस त्याला आता एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला सांगण्यासारखं पुष्कळ घडलं, पण यंदा जे घडलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून पूर्ण होत नाही. त्यात तू आहेसच, आणि तुझ्या शेजारच्या टेबलावरची मालवणची मावशीही आहे.

मावशी मला पहिल्यांदा दिसली तो दिवस अजून जसाच्या तसा आहे. मी तिसरीत असेन. शाळेला कसलीशी सुट्टी, मला घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून तू मला घाटकोपरहून बसने अंधेरीला कामावर नेलंस. औद्योगिक वसाहतीतला तो लांबट गाळा, वर पत्रा, दोन पंखे आणि वॉर्निशचा वास, जो घरी आल्यावरही तुझ्या पदराला येत राहायचा. सहा बायका ओळीने बसल्या आहेत. प्रत्येकीसमोर हाताने फिरवायचं एक यंत्र. उजव्या हाताने दांडा फिरवायचा आणि डाव्या हाताच्या दोन बोटांमधून केसासारखी तांब्याची तार सोडत राहायची. फेरे मोजणारे आकडे यंत्रावर आहेत, पण तुझ्या यंत्राचे आकडे अडकलेत, म्हणून तू तोंडाने मोजतेस. मी विचारते, "आई, मी बाहेर जाऊ?" तू बघतसुद्धा नाहीस. पुन्हा विचारते. तिसऱ्यांदा मी तुझा हात ओढते आणि तार तुटते. तू आधी तुटलेल्या टोकाकडे बघतेस, मग माझ्याकडे. "साडेसहाशे झाले होते वं. याच्यात जोड चालत नाही. आता पुन्हा एकपासून." आवाज जराही चढलेला नाही. त्यापेक्षा एक धपाटा घातला असतास तर बरं, असं मला वाटतं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून रिकाम्या रिळांची पिशवी माझ्यापुढे सरकते. "ह्येचा घर बांध गो. आणि आई मोजता तेव्हा तिच्याशी बोलूचा नाय." मी बांधलेली घरं दोनदा पडून झाल्यावर तू शेवटचा फेरा घेतलास, दोऱ्याची गाठ मारलीस आणि वळून म्हणालीस, "आता बोल. काय म्हणत होती?" मला काय म्हणायचं होतं ते मी केव्हाच विसरून गेले होते.

आणि सातवी पास झाल्यावरची ती भेट. मला रेडिओ हवा होता. रेडिओ कुणाकडून तरी जुना मिळाला, पण त्याला सारखे सेल लागायचे. तू गाळ्यावरून एक नापास झालेला ट्रान्सफॉर्मर मागून आणलास. दिसायला वाकडा, पण चालू. रविवारी सकाळी, ओट्यावरची भांडी बाजूला सारून, गॅसच्या बर्नरवर डाग द्यायची जुनी सळई तापवून तू कथलाचे चार जोड दिलेस आणि ते सगळं प्लॅस्टिकच्या साबणाच्या डबीत बसवलंस. एका बाजूने वीज आत जाणार, दुसऱ्या बाजूने रेडिओला लागेल तेवढीच बाहेर येणार. मी लगेच प्लग लावायला धावले, तर तू डबी वर धरलीस. "आधी उघड. आत काय आहे ते पाहा. मग वाजव." कुकरची शिट्टी होईपर्यंत तू मला एकेक तार कुठून कुठे जाते ते दाखवत होतीस. तुझ्या भाताचा त्या दिवशी गाळ झाला होता आणि आपण तो रेडिओ ऐकत ऐकत, दह्यात कालवून, अगदी मजेत खाल्ला होता.

आता माझं सांगते. मी मुलुंडला राहते आणि रोज अंधेरीलाच जाते, तुझ्या गाळ्यापासून चालत दहा मिनिटांवर, एका काचेच्या इमारतीत. वेबसाइटी बनवते. घाटकोपरहून तू बसमध्ये ज्या रस्त्यावर दीड-दीड तास काढायचीस, त्याच्या डोक्यावरून आता मेट्रो जाते आणि घाटकोपरला लोकल सोडली की मी वीसेक मिनिटांत पोचते. त्यामुळे हाताशी वेळ उरतो, आणि तो वेळ मी नवऱ्याच्या भाषेत "उद्योगांत" घालवते. यंदाही असाच एक उद्योग काढला. घरात कोणत्या वेळी किती वीज खर्च होते ते सतत मोजून एका वेबपेजवर आलेख दाखवणारा एक प्रोग्रॅम आहे. तो कुणी विकत नाही. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलाय आणि आतली ओळ न् ओळ उघडी ठेवलीय. कुणीही वाचावी, चुका काढाव्यात, आपल्या घराला हवी तशी बदलावी. तुला हे फार आवडलं असतं. त्याच्या जोडीला काडेपेटीएवढा एक बोर्ड लागतो आणि कपड्यांच्या चिमट्यासारखा उघडणारा एक चिमटा. तो वायरभोवती नुसता बसवायचा. वायर कापायची नाही, सोलायची नाही, तरी आतून किती वीज वाहते ते त्याला कळतं. कसं कळतं म्हणून मी एक चिमटा स्क्रू काढून उघडला, आणि आत बघते तर काय, केसासारखी तांब्याची तार, फेऱ्यावर फेरा, एकही चुकलेला नाही. मी मोठ्याने हसले. नवरा म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "आईचं काम आहे हे!"

पहिल्या दिवशी मात्र माझी वाटच लागली. पंखा गरगर फिरतोय, फ्रिज गुरगुरतोय, नवरा शर्टाला इस्त्री करतोय आणि वेबपेजवर शून्य. तो म्हणाला, "झकास! आपलं घर हवेवर चालतंय." दोन तास मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. चूक चिमट्यात होती. मी वायरींची जोडीच चिमट्यात धरली होती. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते, दोन्ही एकमेकींना खोडून टाकतात. एकच वायर धरली आणि आलेख असा उठला की मी पोरासारख्या टाळ्या वाजवल्या.

त्याच सुमारास कुर्ल्याला एका लग्नात मावशी भेटली. तिने मला ओळखलं, मी तिला नाही. पूर्वीची ठसठशीत मावशी एवढीशी झालीय. तिथेच कुर्ल्याला मुलगा-सुनेकडे राहते, दोघं दिवसभर कामावर. जेवताना तिने मला तीनदा विचारलं, "माझी पिशवी खुर्चीवरच आसा ना?" मग स्वतःच सांगितलं. घरात विजेचं बिल फार यायला लागलं होतं. मुलाला आणि सुनेला वाटलं, दुपारी आईच गिझर चालू ठेवून विसरते. सुनेने आधी बटणापाशी चिठ्ठी लावली, मग सकाळच्या आंघोळी उरकल्या की बटणावर चिकटपट्टीच मारायला लागली. वाईट हेतूने नाही, काळजीनेच. "मी बंद करतंय गो," मावशी म्हणाली. "पण आता माझोच माझ्यार इस्वास रवाक नाय. उठून उठून बघतंय." जिने हजारो कॉइलांचे फेरे बिनचूक गुंडाळले, तिला आता आपण एक बटण बंद केलं की नाही हे कळेनासं झालं होतं. मी म्हटलं, "मावशी, रविवारी येते. आपण मोजूनच बघू."

रविवारी मी तिच्या घरचा मेन स्विच बंद केला, आत येणाऱ्या एका वायरला चिमटा लावला आणि सगळं पुन्हा चालू केलं. नीट मोजता यावं म्हणून पट्टीही काढायला लावली. मग आठवडाभर मी ऑफिसात बसून कुर्ल्याचा आलेख बघत होते. सकाळी दोघं आंघोळीला जातात तेव्हा गिझरचे दोन उंच मनोरे. त्यानंतर संध्याकाळपर्यंत एकही नाही. एकही नाही, आई! मी तिथूनच फोन केला. तिने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग मावशी म्हणाली, "मगे मी बरी आसंय." पण तिच्या मुलाचं म्हणणंही बरोबर होतं: "मग वीज जाते कुठे? तुमचं यंत्र चुकत असेल." कारण दुपारी, सगळं बंद असताना, आलेखाच्या तळाशी एक रेघ नुसती थरथरत होती. तिथे खरंच काही चालू आहे की चिमट्याचाच भ्रम आहे, ते समजेना. चिमटा मोठ्या विजेसाठी बनवलेला, त्याला बारीक काही ऐकू येत नाही. मी इंटरनेटवर त्या हौशी मंडळींच्या फोरमवर विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, लहान चिमटा विकत घ्या.

पुढच्या रविवारी मी हे मावशीला सांगत होते, नुसतं बोलायचं म्हणून. ती भाजी निवडता निवडता थांबली. "त्या चिमट्यातसून वायर कितीदा जाता?"

"एकदा."

"एकच फेरो? मगे पाच घाल की. पाचपट दिसात. नंतर पाचान भाग."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"अशी काय बघतंस? गाळ्यार टेस्टिंगाक आम्ही असाच करू. काटो हललो नाय तर फेरे वाढवूचे." आणि पुन्हा भाजीकडे वळत म्हणाली, "तुझ्या आयशीनच शिकवल्यान माका."

आई, मला त्या स्वयंपाकघरात नाचावंसं वाटलं. मी जवळच्या दुकानातून वायर आणून एक एक्स्टेन्शन बोर्ड बनवला, त्यातली एक वायर वेगळी काढून चिमट्यातून पाच फेरे फिरवली आणि दिवसभर चालू राहणारी वस्तू फ्रिज एकटीच, म्हणून त्याचा प्लग त्याच्यात लावला. फेरे मावशीने मोजले, मोठ्याने. प्रोग्रॅममध्ये फेऱ्यांचा आकडा भरायला जागाच नव्हती, पण सगळं उघडंच होतं, मी तिथेच बसून ती जागा करून टाकली. थरथर गेली आणि तिच्या जागी स्वच्छ रेघ आली. सरळ, सपाट. आम्ही जेवलो, भांडी झाली, चहा झाला, रेघ तशीच. फ्रिज थोडा वेळ चालतो, थोडा वेळ विसावतो. हा बिचारा विसावतच नव्हता. मावशीने वर्तमानपत्राचा एक तुकडा फ्रिजच्या दारात धरला आणि दार लावलं. कागद ओढला तर लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर आला. "रबर गेलो," ती म्हणाली. गारवा सगळा फटीतून बाहेर, आणि फ्रिज दिवसरात्र धापा टाकतोय.

दोन दिवसांनी दाराचं रबर बदललं आणि रेघेला पायऱ्या आल्या, वर, खाली, पुन्हा वर. त्या संध्याकाळी मी मुद्दाम वाकडी वाट करून कुर्ल्याला गेले. मावशीने सुनेला आणि मुलाला समोर बसवून आलेख समजावून सांगितला, बोट ठेवून, एकेक पायरी. सून उठली आणि गिझरजवळ राहिलेली चिठ्ठी नखाने खरवडून काढत म्हणाली, "आई, चुकलं आमचं." मावशी म्हणाली, "चुकला ता चुकला. आता चाय टाक." आणि मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि पाठ चोळता चोळता आम्हीही सगळे हसत सुटलो.

मी ही पाच फेऱ्यांची गोष्ट आकृती काढून फोरमवर लिहिली. तिथल्या जुन्या जाणत्यांपैकी दोघांनी लिहिलं की, अरे, हे आम्हाला ठाऊक होतं, पण सुचलं कसं नाही! बर्फाळ देशातल्या एका निवृत्त शिक्षकाने आपल्या गॅरेजमधल्या चिमट्याचा फोटो टाकला, त्यात वायरचे सात फेरे. मी केलेली ती छोटी जागा मूळ प्रोग्रॅममध्ये घेतली गेली. आता मी ते सगळं वेबपेज मराठीत आणतेय. दर रविवारी मावशी आणि मी शब्दांवरून भांडतो. मी एका ठिकाणी "वेटोळे" लिहिलं होतं. ती म्हणाली, "वेटोळा सापाचा. तारेचो फेरो." तर आता तिथे "फेरे" असं लिहिलंय, आणि जगात कुठेही कुणी तो प्रोग्रॅम मराठीत उघडला तर त्याला तुमच्या गाळ्यातला शब्द दिसेल.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, हे लिहायला बसतानाच माहीत होतं. पण फोरमवर कुणीतरी विचारलं की ही युक्ती तुम्हाला कुणी शिकवली, आणि मी लिहिलं, माझी आई ट्रान्सफॉर्मरची कॉइलं गुंडाळायची. ते लिहिताना बोटं क्षणभर थांबली, म्हणून तुला सांगून टाकते. अकरावीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायाचा रकाना होता. रांगेत माझ्या पुढेमागे पार्ल्याच्या, सुखवस्तू घरांतल्या मुली होत्या. मी तिथे "गृहिणी" लिहिलं. घरी आणून तुझ्यापुढे सहीला ठेवला तेव्हा तू घाईत होतीस, तू वाचलं नाहीस, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आले. पण तू काहीही न वाचता कधी सही करायची नाहीस. सही केलीस, पेनाचं टोपण लावलंस आणि फॉर्म परत देताना म्हणालीस, "अक्षर चांगलं आलंय."