गोड्या पाण्यातलं वरण

आत्याबाई,

रविवारी तुमच्या नातवाच्या, माझ्या लेकाच्या, सोयरिकीसाठी मुलीकडचे घर पाहायला आले होते. सासू होताना तुम्ही माझ्या बाबांसमोर जे केलं, ते या वेळी मी करायचं होतं, आणि ऐन वेळी मला जमलं नाही. तेव्हापासून घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. तुमचा लेक पेपरात डोकं घालून बसतो, नातू मोबाइल सारखा उलटापालटा करतो, फोन काही येत नाही. आणि मी दुपारची हे लिहून राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण या गोष्टीवर भांडायला मला तुमच्याशिवाय दुसरं माणूस नाही.

माझे बाबा नांदगाव खंडेश्वरचे, गोड्या विहिरीचं पाणी प्यालेले. या खारपाणपट्ट्यात मुलगी द्यायची म्हटलं की लोक शेत नंतर पाहत, आधी पाणी विचारत. बाबांना कोणीतरी शिकवून पाठवलं होतं की ताटातलं वरण पाहा, डाळ शिजली असली म्हणजे पाणी बरं. पण तुम्ही त्यांच्याहून हुशार. आदल्या दिवशीच तुम्ही तुमच्या लेकाला डोंगराच्या अंगाला, तुमच्या भावाच्या मळ्यावर पाठवलं आणि एसटीच्या टपावर टाकून गोड्या पाण्याच्या कॅना आणवल्या. बाबा पोटभर जेवले, तांब्याभर पाणी प्याले, आणि घरी येऊन आईला म्हणाले, "लोकं उगीच बदनाम करतेत त्या गावाले. लोन्यावानी वरन होतं." मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि मला आनंद झाला होता, आता सांगायला काय हरकत आहे.

मग मी या घरात आले आणि पहिल्यांदा चुलीवर डाळ ठेवली. डाळ उकळते आहे, उकळते आहे, दाणा न् दाणा वेगळा. बाहेर सगळे पाटावर बसलेले, आणि मी जाळ वाढवते, पाणी वाढवते, रडू आवरते. तुम्ही आत आलात, पळीभर डाळ वर उचललीत आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "काय व, तुह्या मायनं तुले वरन कराले शिकवलं नाई का?" पाणी कसं आहे ते तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही माझ्या आईला मध्ये ओढलंत. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला आहे. दुपारी सगळे पांगल्यावर तुम्ही कनवटीची पितळी डबी काढून माझ्या हातावर ठेवलीत, आत खायचा सोडा. "चिमूटभर टाकत जाय. अन् बाहेरच्या मानसाले सांगू नको." एवढंच. 'चुकलं' म्हणणं नाही, काही नाही. ती डबी अजून माझ्या मिसळणाच्या डब्याशेजारी असते.

तसं तुम्ही फक्त वाईटच होतात असं म्हटलं तर माझी जीभ झडेल. तुमचा नातू झाला तेव्हा त्याच्या टाळूला तुम्ही नळाचं पाणी लागू दिलं नाही. पत्र्याखाली गंज-पातेली मांडून साठवलेलं पावसाचं पाणी कोणाला चहालासुद्धा देत नव्हतात, ते फक्त लेकराच्या आंघोळीचं. आणि मला मात्र त्याच खाऱ्या नळाखाली डोकं धुवावं लागे, साबण घासून हात दुखायचे पण फेस म्हणून येत नसे. माझी माहेरची वेणी दोन-तीन वर्षांत उंदराच्या शेपटीएवढी झाली. तुमच्या लेकाला मूतखडा झाला, तो वर्षाआड आपला हिसका दाखवतोच. आणि तुमच्या तर किडन्याच गेल्या. अकोल्याच्या दवाखान्यात तुम्ही मशीनला लावलेल्या असताना मी एकदाचं विचारलं होतं, "आत्याबाई, बाबांना खरं काहून नाही सांगितलं?" तुम्ही डोळेही न उघडता म्हणालात, "सांगतलं असतं तं तू आली असती का? झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई." मी तुमच्या पायावरची चादर सारखी करत बसले.

तर रविवार. नातवाची तिशी उलटली, दोन स्थळं आधीच पाण्यावरून मोडलेली. त्यानं बजावून ठेवलं होतं, "आई, सगळं जारच्या पान्यात कर. वरनबी." मी केलं. मुलगी स्वतः आली होती, अमरावतीची, शाळेवर शिकवते, दाट लांब वेणी. सगळं छान चाललं होतं. तिच्या वडिलांनी वरण दोनदा घेतलं. मग ती हात धुवायला मोरीत गेली आणि मी टॉवेल घेऊन मागे. तिनं साबण लावला, पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग नळाच्या तोटीवर चढलेली पांढरी खरपुडी नखानं खरवडून पाहिली आणि माझ्याकडे वळली.

"काकू, जेवणातलं पाणी नळाचं नव्हतं ना?"

दारात तुमचा नातू उभा. तिच्या पाठीमागून मान हलवून मला नको नको करून राहिला. मी म्हणणार होते, नळाचंच ग, आमच्याकडे असंच. पण तिची वेणी समोर होती, आणि मला काय झालं कोण जाणे.

"जारचं होतं," मी म्हटलं. "रोजचं नळाचं. डाळ सोड्याशिवाय शिजत नाही. केस जातील तुझे. यांना खडा आहे, आणि माझ्या सासूबाई किडनीनंच गेल्या."

तिनं ओले हात माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." पाहुणे गेल्यावर नातू एवढंच बोलला, "हात दाखवून अवलक्षण केलं तू."

इथवर लिहिलं आणि फोन वाजला. मुलीचे मामा. "ताई, पोरगी तुमची लय तारीफ करून राहिली. म्हन्ते, असी सासू नशिबानं भेटते. पन पान्याचं... तुमी समजून घ्या." मी म्हटलं, बरं. नातवाला काही सांगावं लागलं नाही. त्यानं गाडीची चावी उचलली आणि गेला, ताट तसंच झाकलेलं आहे.

दवाखान्यात राहिलेलं उत्तर आता देते. नसते आले, आत्याबाई. बाबांना कळलं असतं तर मी या घरात आले नसते, आणि हा पोरगाही नसता, ज्याच्यासाठी मी आज तळमळते. राग तरीही गेला नाही.

परतवाड्याकडचं एक स्थळ आलं आहे, येत्या रविवारी येतो म्हणाले. हा कागद तुम्हाला कुठं पाठवू, सोड्याच्या डबीखाली घडी घालून ठेवते. आणि एक सांगायचं राहिलं. फोन ठेवल्यावर मी जारवाल्याला या वेळी जास्त जार सांगितले. मग चिंचेचा कोळ घेऊन मोरीत बसले आणि नळाची तोटी घासून काढली. ती मुलगी जिथं नख लावून पाहत होती, तिथं आता काही दिसत नाही.