अर्धं नाव

१८ सप्टेंबर

बाबांनी तलावाच्या पाळीवरून चार हाका मारल्या. गोमा वळला नाही. पन्नास पावलांवर होता, पाटातला गाळ काढत. "गोम्या! ए गोम्या, बहिरा झाला काय बे?" फावडं चालूच. शेवटी बाबा खाली उतरून त्याच्यासमोर उभे राहिले, तेव्हा त्यानं मान वर केली. "काय जी मारोतराव?" नेहमीसारखाच, हसून.

पाळीतलं पाणी सोडायचं दार, तुडूम, उघडायचं आणि तलावाचं पाणी बारीबारीनं प्रत्येकाच्या धानाच्या बांदीत पोचवायचं – तीस वर्षं हे काम त्याचंच. त्याच्या आधी त्याच्या बापाचं. पाणकर बौद्ध मोहल्ल्यातला, असंच चालत आलंय. आता धान गर्भावर आहे, दहा दिवस पाऊस नाही, आणि पाणकराला ऐकू येईना. पाणी वापर संस्थेचा सचिव म्हणून मी नोंद घ्यायला हवी. इथे घेतली.

१९ सप्टेंबर

टेकचंदच्या पानठेल्यावर हाच विषय. टेकचंद म्हणाला, "मी तं कानाजवळ जाऊन ओरडलो. मंग म्हटलं दुसरा कान चालू असन, तं तिकडूनबी ओरडलो." सगळे हसले. मीही हसलो.

घरी आल्यावर वाटलं – परवा उंदरानं बांदीच्या कडेचा धुरा पोखरला होता, पाणी झिरपत होतं. अंधारात गोमा नुसता आवाजावर तिथे पोचला होता. ते ऐकू येतं, आणि हाक येत नाही?

२१ सप्टेंबर

काहीतरी विचित्र झालं. नीट लिहितो.

गोमाच्या मानधनाचा फॉर्म भरायचा होता. समाजमंदिराच्या पायरीवर बसून त्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स वाचत होतो. तो पाठमोरा, बराच दूर, बिडी ओढत. मी स्वतःशीच, अगदी पुटपुटत वाचलं, "गोमाजी..."

तो वळला. "हो जी. सांगा."

मी म्हटलं, काही नाही. सही लागेल.

योगायोग असेल. वारा माझ्याकडून त्याच्याकडे होता.

२२ सप्टेंबर

परीक्षा घेतली. लाज वाटते, पण घेतली. बैल विकत घेताना डोळ्यापुढे बोटं नाचवतात तशी. पाळीवर त्याच्या मागे उभा राहून मोठ्यानं, "गोमा!" काही नाही. मग हळू, "गोमाजी."

"काय जी कैलाशभाऊ?"

मला विचारायला काही सुचेना. तलावात पाणी किती, विचारलं. त्यानं पायऱ्या मोजून सांगितलं. मग मीच म्हटलं, "काहून करून राहिले असं?" ("राहिले" म्हणालो. "राहिला" नाही. कधीपासून?)

"मी काई नाई करून राहिलो जी. कान म्हातारे झाले. अर्धं नाव कानात शिरत नाई आता."

गोमाजी हसले. थट्टा होती की नाही, कळलं नाही.

आमच्याकडे "जी" केवढं स्वस्त! एसटीच्या कंडक्टरला जी, कापड दाखवणाऱ्याला जी, भांडतानाही "तुम्ही चूप बसा जी." आणि बासष्ट वर्षांच्या या माणसाला मी पाच वर्षांचा असल्यापासून गोम्या म्हणत आलो. कुणी शिकवलं नाही. कुणी अडवलंही नाही. कॉलेजात गेलो तेव्हा "गोमा" म्हणायला लागलो – आणि तेवढ्यावर स्वतःला सुधारलेला समजलो.

वर सगळीकडे "तो" लिहिलंय. खोडायला पेन उचलला. पण खोडलं तर ते खोटं होईल. राहू दे.

२४ सप्टेंबर

सभा. टेकचंदनं ठराव मांडला : कमी ऐकू येत असल्यामुळे पाणकरास कामावरून कमी करावे. जागी स्वतःच्या मेहुण्याला ठेवायचं. अध्यक्ष जागेश्वर म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण कान नाई तं पाणकर कायचा? लिही कैलाश."

मी लिहायला घेतलं. जुन्या रजिस्टरात सगळीकडे "गोमा". बाकी सगळ्यांना राव, नाहीतर श्री. पेन तिथेच अडला.

मला माहीत आहे गोमाजींना ऐकू येतं. ते सांगितलं असतं तर? बहिरे म्हणून काढतील तर हळहळून काढतील, शाल देऊन. ऐकू येतं हे कळलं तर "माजला" म्हणून काढतील, आणि तेवढ्यावर थांबणार नाहीत. म्हणजे माझं गप्प बसणं त्यांच्या भल्याचं. की माझ्या?

म्हटलं, डॉक्टरचा दाखला लागेल, त्याशिवाय ठराव टिकणार नाही. सगळ्यांना पटलं. आठ दिवस मिळाले. हे धैर्य नव्हे, कारकुनी आहे.

२५ सप्टेंबर

बायकोला, तृप्तीला, सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "एक अक्षर तं आहे. म्हणून टाका ना सगळे." मी म्हटलं, एवढं सोपं नाही. "काहून?"

२७ सप्टेंबर

आमची बारी. बांदीत भेगा पडायला लागल्या होत्या. पद्धत अशी की आपण आपल्या धुऱ्यावरून हाक द्यायची, पाणकरानं तिकडे तुडूम उघडायचं. बांदी भरली की पुन्हा हाक, मग बंद. गोमाजींनी पाणी वेळेवर सोडलं. बांदी भरत आल्यावर बाबा ओरडायला लागले, "बंद कर बे गोम्या!" मी पाळीवर होतो. गोमाजी बाबांकडे बघतही नव्हते, पाण्याकडे बघत होते. बाबांचा आवाज बसला. पाणी धुऱ्याच्या बोटभर खाली असताना त्यांनी तुडूम बंद केलं. ना थेंब जास्त, ना कमी.

घरी बाबा म्हणाले, "आयकलं शेवटी लेकानं."

हाक ऐकायची नाही, पण काम एक बोटही चुकू द्यायचं नाही – याला अडवणूक तरी कसं म्हणणार? मग काय म्हणायचं?

३० सप्टेंबर

गोमाजींना घेऊन साकोलीला गेलो, कानाच्या डॉक्टरकडे. बसमध्ये विचारलं, "दाखल्यात बहिरे निघालात तर काम जाईल. नाही निघालात तरी जाईल. काय करायचं?"

"तुमाले काय वाटते?"

"मला कळत नाही."

"मलेबी नाई कळत जी." तिकीट घडी करून खिशात ठेवलं. मग, "पण मशिनीपुढं खोटं नाई बोलणार. मशिनीनं कोणतं मले अरेतुरे केलं?"

कानाला यंत्र लावून ते काचेच्या खोलीत बसले. बारीक आवाज आला की बोट वर करायचं. जवळजवळ प्रत्येक वेळी बोट वर गेलं. दाखला : श्रवणशक्ती वयाच्या मानाने चांगली.

कागद शर्टाच्या खिशात आहे. तीन वेळा काढून वाचला, जणू मजकूर बदलणार आहे.

२ ऑक्टोबर

सभेत दाखला वाचून दाखवला. मग टेकचंद : "मंग आयकत काहून नाई? नाटक आहे काय?"

गोमाजी दाराशी, खालीच बसले होते. सतरंजीवर जागा होती. जागेश्वर म्हणाले, "बोल ना गोमा." त्यांनी नजर वळवली नाही. "गोम्या, तुले इचारून राहिले!" बाबा ओरडले. नाहीच. रागावलेलेही दिसत नव्हते. पाण्याकडे बघतात तसे समोर बघत होते.

जागेश्वर माझ्याकडे वळले. "तूच इचार बा."

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबासुद्धा. एकट्यात म्हणणं वेगळं होतं.

"गोमाजी," मी म्हटलं, "तुम्ही सांगा."

ते उठून उभे राहिले. "हो जी. पाणी सगळ्याईले पुरलं. कोनाची बांदी वाळली असन तं सांगा."

कुणाचीच नव्हती. टेकचंदचीसुद्धा नाही. तो म्हणाला, "सवाल पाण्याचा नाई." "मंग कायचा?" जागेश्वरांनी विचारलं, आणि टेकचंदला तो सवाल तोंडातून काढता येईना. एका अक्षराचा तर होता. शेवटी जागेश्वर म्हणाले, "धानाच्या लोंब्या निसवून राहिल्या, आता कुटं पाणकर बदलता? खारीज करा."

ठराव नामंजूर. रजिस्टरात मी "श्री. गोमाजी" लिहिलं. कुणी वाचलं नाही, सह्या केल्या.

घरी येताना छाती जरा फुगली होती. मग वाटलं, मी केलं काय? ज्याचं नाव त्याला दिलं. पंधरा दिवस एकटा माणूस गावाच्या हाका अंगावरून जाऊ देत होता. मी एकदा तोंड उघडलं, तेही विचारायला सांगितलं म्हणून.

४ ऑक्टोबर

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. आज जेवताना, ताटाकडे बघून, "आपली बारी आहे म्हणा. सांग तुया गोमाजीले." टोमणाच होता. पण पूर्ण नाव तोंडातून गेलं. हे जमेला धरायचं की नाही?

६ ऑक्टोबर

सकाळी मी अंगणातून हाक मारली, "उषे, गोठ्याकडूनबी एक हात मार." पुन्हा मारली. उषाबाई बौद्ध मोहल्ल्यातली, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, वीस वर्षं आमच्याकडे झाडायला येते –

येतात.

झाडत राहिल्या. वळल्या नाहीत.