विचारून सांगतो

ती. ताईंस नमस्कार.

तुमची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. साडूबुवांचा गुडघा काय म्हणतो? मलमाला दाद देत नसेल तर त्यांना रोज थोडं चालायला लावा. (हे मत तुमच्या बहिणीचं. माझं गुडघ्यांबाबत मत नाही.)

आमचं चष्म्याचं दुकान बंद झालं हे कानावर आलंच असेल. चौकातल्या मोठ्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवणारा माणूस हवा होता, म्हणून अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. भिंगांची काळजी नव्हती, बोलण्याची होती. तुम्ही जाणताच, आमच्या घरी प्रश्न मला विचारत आणि उत्तर तुमची बहीण देई. डॉक्टरांनी “कुठे दुखतंय?” विचारलं की ही म्हणणार, “खांद्यात. आता नाही म्हणतील, पण रात्रभर कण्हत होते.” (मलाही ते तिथेच कळे.) ती गेल्यापासून मला कुणी फारसं काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे ही अडचण ध्यानात आली नव्हती.

तयारीसाठी खालच्या सलूनवाल्यांना गाठलं. दिवसभर अनोळखी माणसांना प्रश्न विचारण्यात त्यांचा हात कोण धरणार? पण समोरचा माणूस खुर्चीत, गळ्याशी कापड बांधून आणि तोंडाला फेस लावून बसल्याशिवाय त्यांना प्रश्नच सुचत नाहीत. तेव्हा रोज दाढी करून घेत सराव केला. “तुमचा मोठा गुण सांगा,” ते म्हणत. मी ओठ न हलवता म्हणायचो, “ठाऊक नाही.” “अहो, मग माझ्याकडून घ्या. तुमची मान हलत नाही. असं गिऱ्हाईक लाखात एक!” हा गुण चष्म्याच्या दुकानात सांगावा का, यावर मी बराच विचार केला. मग मुलीला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही शांत आहात.” आता हा गुण बोलून कसा दाखवायचा?

मुलाखतीला म्हातारे मालक आणि मॅनेजरबाई होत्या. खुर्चीत टेकलो आणि माझी हनुवटी आपसूक वर गेली, डोळे मिटले. बाई घाबरल्या. “काका, बरं वाटत नाही का?” मी सवयीने डावीकडे पाहिलं. (ती नेहमी डावीकडे बसायची.) तिथे पाण्याचा कूलर होता. तो काही बोलेना, तेव्हा मीच म्हणालो, “बरं आहे.” पुढे भिंगांचं सगळं नीट सांगितलं. शेवटी बाईंनी विचारलं, “तुम्हाला सगळ्यात जास्त ओळखणारं माणूस तुमच्याबद्दल काय सांगेल?”

मी म्हणालो, “विचारून सांगतो.”

दोघंही खूप हसले. मीही हसलो. काय बोलून बसलो ते जिना उतरताना लक्षात आलं.

साडूबुवांना नमस्कार.

तुमचा,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. – सांगतो म्हणून कबूल करून आलोय, तेव्हा सांगायला हवं. ती स्वयंपाकघराचं दार लोटून तुमच्याशी फोनवर बोलायची आणि मी आत आलो की “ठेवते गं” म्हणायची. माझ्याबद्दल काय म्हणायची ते कळवा. वाईट असलं तरी चालेल. जरा लवकर, त्यांचा निर्णय व्हायच्या आत.

ता. क. २ – पाकीट चिकटवत होतो तोच दुकानातून फोन आला. सोमवारपासून या म्हणाले. त्या उत्तराचं विचारलं, तर बाई म्हणाल्या, “राहू द्या हो काका, तो प्रश्न आम्ही सगळ्यांनाच विचारतो.”

तरी तुम्ही कळवाच.