बाहेरच्यांना बसता येत नाही

१२ जानेवारी, बारामती
आज तांत्रिक गटाची बैठक. सुप्याच्या माळावरचे लांडगे नोंदवणारे आम्ही सात जण. मी जनावरांची डॉक्टर, गटाची सचिवही.
दारात सुप्याचे गेणबा उभे. म्हातारे, मेंढरं राखतात. हाताला फडकं गुंडाळलेलं. "निस्तं बसून ऐकतो बाई. लांडग्याचंच हाय न्हवं?"
"बाहेरच्यांना बसता येत नाही, आबा."
नियम मीच लिहिलाय. गेल्या वर्षी बैठकीत सांगितलेली लांडग्यांची जागा बाहेर फुटली आणि कुणीतरी माळावर विष टाकलं. तीन लांडगे मेले.
आत विषय – लांडग्यांत रेबीज शिरला तर? गेणबांना काय काम होतं, विचारायचं राहिलंच.

१९ जानेवारी
माळावर एक लांडगी मेलेली सापडली. नमुना तपासायला पाठवला.

२ फेब्रुवारी
रेबीजच.
कुणाला लांडगा चावलाय का, वस्त्या-वस्त्यांवर विचारत फिरले. गेणबांच्या शकुबाई म्हणाल्या, "ह्यांला चावली की, संक्रांतीच्या आधी. त्येच सांगाया आलं हुतं तुमच्याकडं."
"सुई घेतली?"
"कुत्रं न्हाय, लांडगी हाय म्हनलं. हळद दाबली."
गेणबा मेंढरं घेऊन इंदापूरच्या बाजूला गेलेत. जवळ फोन नाही.

६ फेब्रुवारी
चार दिवसांनी सापडले. पाण्याचा तांब्या पुढं केला – सगळं अंग आखडलं त्यांचं. मला कळलं – रेबीज झालेल्याला पाणी सोसत नाही.

९ फेब्रुवारी
गेणबा गेले.

१३ फेब्रुवारी
तातडीची बैठक. मी म्हणाले, यापुढं कुणीही येऊन बसू दे. अध्यक्ष इंद्रजित सर म्हणाले, "बाहेरचं माणूस असलं की कुणी मोकळं बोलत नाही. आणि परत विष पडलं तर?"
चूक नाही त्यांचं. विष मीही पाहिलंय. तरी हात वर केला. चार विरुद्ध तीन. ठराव झाला. घरी येऊन जेवले नाही.

२० फेब्रुवारी
पहिली खुली बैठक. शकुबाई एकट्याच आल्या, मागं बसल्या. सरांनीच विचारलं, काही बोलायचंय का?
"परवा दहाव्याला कळलं. ह्यांच्या हाताची लांडगी सोडवताना कन्हेरीच्या तात्याबांलाबी दात लागलं हुतं. भ्यालंय ते, कुनाला सांगत न्हाय."
बैठक तिथंच सोडून निघालो. तात्याबांना दवाखान्यात पहिली सुई दीड वाजता दिली. उशीर झालाय का, डॉक्टरही सांगेनात.