तबकडीवरचा डाग

शनिवार, २२ नोव्हेंबर. सकाळी पिरंगुटच्या बाजारातून मेथी आणली, निवडून ठेवली. अकरा वाजता पुण्याहून घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांचा फोन आला. जेवण झालं, भांडी घासून झाली. आता अडीच वाजलेत.

आबा, तुमचं घड्याळ चालू झालं. फोनवर ते म्हणाले, "बाई, मशीन चालतंय बरं का! दोन दिवस लक्ष ठेवून आहे, मिनिटभरसुद्धा मागं पडलं नाही. आता तबकडीचं बोला. डाग काढून रंगवून हवी असेल तर आज पाचपर्यंत सांगा. रंगवणारा कारागीर उद्या गावाला चाललाय, महिनाभर यायचा नाही." मी म्हटलं, कळवते. तेव्हापासून ठरत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पत्र लिहिलं नाही आणि लिहिते आहे ते डाग पुसू की नको हे विचारायला.

आधी एक सांगायला हवं. माझ्याकडे सतरा घड्याळं आहेत. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "दोन हातांना सतरा घड्याळं कशाला गं?" सगळी जुनी, परदेशी, चावीची. कोटाच्या बाहीखाली सहज सरकावीत म्हणून मुद्दाम पातळ केलेली, लग्नासमारंभात घालायची. माझ्याकडे कोट नाही आणि लग्नांना मी फारशी जात नाही. पण कंपनीत तीस वर्षं सुट्या भागांची मापं तपासली, त्यामुळे नीट केलेली वस्तू हातात आली की सोडवत नाही. पहिलं घेतलं तेव्हा घरी आणून त्याची जाडी मोजली होती. पाच मिलिमीटर. एवढ्याशा जागेत सगळं यंत्र बसवलेलं. त्या रात्री मी उगाचच खुशीत होते.

तुमचं मात्र त्या सगळ्यांच्या आधीचं. धरणाच्या पाण्याकाठच्या बंगल्यावर तुम्ही वॉचमन होता. बंगल्याच्या साहेबांनी त्यांच्या मनगटावरचं सोन्याचं घड्याळ काढून तुम्हाला दिलं, तेव्हा मी चौथीत होते. तुम्ही घरी आलात ते डावा हात अंगापासून लांब धरून, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. आईनं विचारलं, "हाताला काय झालं वो?" तेवढ्यात चुलते आले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले, "आरं, वॉचमनला वॉच गावलं!" पुढं आठ दिवस ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. तुम्ही नुसते हसायचात.

त्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता. असल्या घड्याळांना तो नसतोच, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या वाडीत मात्र ज्यात काही हलताना दिसत नाही ते घड्याळ बंद, असा सरळ हिशेब. चुलते म्हणाले, "सायबानं बंद पडल्यालं दिलंय तुला. बग की, काय हालतंय का त्यात?" तुम्ही ते त्यांच्या कानाला लावलंत. ते म्हणाले, "वाजतंय, पण हाय हलकंच. वॉटरप्रूफ तरी हाय का?"

तेव्हा आपल्याकडे घड्याळाची एकच परीक्षा होती. शहरातून कुणी पाहुणा आला की पेल्यात पाणी घ्यायचा, हातातलं घड्याळ त्यात सोडायचा आणि आम्ही पोरं पेल्याभोवती डोकी लावून बसायचो. पाण्यात चाललं तर घड्याळ भारी. साहेबांनी दिलेलं घड्याळ या परीक्षेत नापास होईल, असं माझ्या मनातही आलं नाही. नवव्या दिवशी तुम्ही आंघोळीला गेलात, घड्याळ खुंटीला होतं. मी चुलत्यांना हाक मारून बोलावलं, पितळी तांब्या भरला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत घड्याळ आत सोडलं. आत बुडबुडे आले. चुलते म्हणाले, "काढ काढ, मेलं ते!"

तुम्ही ओल्या अंगानं आलात, तांब्या पाहिलात, मला पाहिलंत. चुलते केव्हाच पसार झाले होते. मार बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. तुम्ही घड्याळ पंच्यानं पुसलंत आणि म्हणालात, "पोरी, घड्याळात येळ बगायची. घड्याळ पान्यात बगायचं न्हाई." एवढंच. नंतर एकदा तुम्ही ते पौडला नेलंत. तिथला दुरुस्तीवाला म्हणाला, असलं मशीन आपण कधी बघितलेलं नाही, उघडलं तर परत बसायचं नाही. तबकडीवर चारच्या आकड्यापासून सहापर्यंत चहा सांडल्यासारखा डाग पडला, तो राहिला.

आणि मग तुम्ही ते बंद घड्याळ रोज घालायला लागलात. साहेबांना वाईट वाटू नये म्हणून. सुट्टीच्या दिवशी त्यांची गाडी चढावर दिसली की तुम्ही बंगल्याच्या स्वयंपाकघरात जायचात, भिंतीवरच्या घड्याळात बघून काटे जुळवायचात आणि मग फाटक उघडायला धावायचात. मला अजून दिसतं आहे. तुम्ही धावताय, एका हातानं टोपी सांभाळताय, दुसऱ्या हाताचा अंगठा चावीवर आहे. एकदा साहेब दिवसभर व्हरांड्यात बसले आणि उन्हं कलल्यावर त्यांनी विचारलं, "किती वाजले हो?" घड्याळात सकाळचे दहा वीस. तुम्ही मनगटाकडे नीट निरखून पाहिलंत, मग पलीकडच्या डोंगराच्या सावलीकडे, आणि म्हणालात, "पाच वाजाया आलं, सायेब." साहेब आत जाऊन बघून आले. पाचला पाच कमी. ते म्हणाले, "बघा, अजून किती अचूक चालतंय!" तिथंच अंगण झाडत असलेली आई तोंडात पदर कोंबून विहिरीकडे पळाली. घरी आल्यावर तुम्ही दोघं किती हसलात. मीही हसले, पण तुमच्याकडे न बघता.

मी घड्याळं जमवायला लागले ते खरं म्हणजे तसलंच एक बिनडागाचं मिळवायला. बाकीची वाटेत भेटत गेली. यंदा उन्हाळ्यात ते मिळालं. तीच बनावट, तेच आकडे, तबकडी दुधासारखी स्वच्छ. हिंजवडीच्या एका कंपनीतला एक जण असली घड्याळं गोळा करतो, त्याच्याकडून घेतलं. मला वाटलं होतं, ते हातात घेतल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. घड्याळ सुरेख आहे, पण ते कुणाचं तरी आहे. मग मी ट्रंकेतून तुमचं काढलं आणि दुरुस्तीला दिलं. त्या हिंजवडीवाल्याला त्याचा फोटो पाठवला तर लगेच फोन. "मावशी, ओरिजिनल डायल आहे, प्लीज टच करू नका! रंगवली की व्हॅल्यू संपली." दुरुस्तीवाले म्हणतात, "ही हल्लीची फॅशन आहे बाई. वडिलांची वस्तू स्वच्छ ठेवावी की नाही?" दोघांचंही पटतं. माझ्या हातून पडलेला डाग एका दिवसात जाऊ शकतो, हे ऐकून मला हलकंसुद्धा वाटलं, आणि ते वाटलेलं आवडलं नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि बोटांवर मोजून पाहिलं. स्वच्छ तबकडीचं घड्याळ तुमच्या हातात फक्त आठ दिवस होतं. डागाचं तुम्ही शेवटपर्यंत घातलंत. चौदा एप्रिलला पौडला जयंतीला पांढऱ्या सदऱ्यावर, माझ्या कंपनीतल्या पहिल्या दिवशी मला बसपर्यंत सोडायला येताना, दवाखान्यातसुद्धा. डाग पुसला तर राहील ते साहेबांचं घड्याळ. तुमचं राहणार नाही.

उठले आणि फोन केला. तबकडी आहे तशी राहू द्या, म्हटलं.

"नक्की ना? नंतर म्हणाल, डाग दिसतो."

"दिसू द्या."

ते हसले. "बरं, बुधवारी न्या. पण तुमचे वडील मोठे हौशी हां! असलं घड्याळ हातात घालून कुणी फुलझाडांना पाणी घालतं का?" मीही हसले आणि फोन ठेवला.

आबा, हे त्यांना मीच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, आत एवढं पाणी कसं गेलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, फुलझाडांना पाणी घालताना वडिलांच्या हातून भिजलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. आज खरं सांगायला चांगली संधी होती, तीही गेली. बुधवारी सांगेन म्हणते. सांगेनच, असं नाही.

सव्वाचार झालेत. मेथी धुवायला घेते.