भावाच्या पोत्यांखाली

मी, खाली सही करणारी, सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्यानं देणारी बाई, वय सत्तरीच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत, डोकं जागेवर, डोळ्यांत मोतीबिंदू होता तो काढलाय, असं लिहून ठेवते की हे माझं मृत्युपत्र. कोणी दम दिला म्हणून लिहीत नाही, कोणी लाडीगोडी लावली म्हणूनही नाही. कुणाच्या दडपणाखाली नाही असंही लिहा, असं वकीलबाई खिडकीबाहेरून सांगतायत. लिहिते. पण खोटं कशाला? या घडीला माझ्या डोक्यावर माझ्या भावाच्या दुकानातली सिमेंटची पोती रचलेली आहेत आणि ती आणि मी यांच्या मधे तीन बोटं जाडीची स्लॅब आहे. ते दडपण कायद्यात धरत नाहीत, असं वकीलबाईंचं मत पडलं.

डोक्याबद्दल माझ्या मुलाला शंका आहे. सकाळपासून खिडकीशी येऊन तेच तेच विचारतोय. म्हणून आधी हकिगत लिहिते, मग वाटण्या.

सेंट्रिंग म्हणजे ओली स्लॅब सुकेपर्यंत तिला खालून धरणाऱ्या लोखंडी पत्र्यांचा आणि टेकूंचा पसारा. त्याच्या भाड्यावर मी घर चालवलं, मुलगा शिकवला, आणि त्याची मुलगी शिकवली. या नातीला आम्ही भुंगा म्हणतो, कारण लहानपणी दिसेल ते पोखरून बघायची. आता मोठ्या लॅबमध्ये पोखरते. घर कशाचं बांधावं म्हणजे पडणार नाही, आणि बांधताना धूर कमी होईल, हे शोधायचं तिचं काम. तिनं एक फळी काढलीय. भट्टीतली राख, भट्टीचाच मळ, सिमेंट चिमूटभर, आणि आत सळ्यांच्या जागी जाळी. जाळी कशाची, तर दगडाची. काळा दगड वितळवून त्याचा धागा काढतात आणि विणतात. मी तिला म्हटलं, बाई, दगडाला पाझर फुटतो ऐकलं होतं, दगडाचं सूत निघतं हे आजच ऐकते.

ही जाळी गंजत नाही. सळई गंजते, फुगते आणि स्लॅबला आतून फोडते. मागच्या गल्लीतली इमारत तशीच खाली बसली. माणसं कामावर होती म्हणून वाचली, भांडीकुंडी गेली. ती माणसं अजून पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. पालिकेनं सांगितलं की या फळ्यांची घरं बांधून देतो, पण राहणाऱ्यांची लेखी संमती आणा, नाहीतर योजना गुंडाळतो. भुंगा आकड्यांचे तक्ते घेऊन शेडमध्ये गेली आणि तोंड पाडून परत आली. तिथं एक बाई आहे, तिला सगळे हवालदारीण म्हणतात, कारण नळावरची रांग तीच लावते. तिनं तक्त्याकडे ढुंकून बघितलं नाही. म्हणाली, "तुझ्या घरचं एक माणूस बसव हिच्याखाली, वर ओझं असताना. मग बघू."

आता यात चुकीचं काय आहे? मला तर पटलं. भुंगा म्हणाली, चाचणी चालू असताना खाली कोणी बसत नसतं, नियम आहे. मी म्हटलं, बरं. म्हातारं माणूस बरं म्हणालं की तरुणांनी सावध व्हावं. ती झाली नाही.

प्लेटांच्या आवारात तिनं ही खोली उभी केली. भार टाकायचा, दिवस-रात्र तसाच ठेवायचा, स्लॅब किती वाकते ते घड्याळासारख्या मापावर बघायचं, मग भार उतरवायचा आणि ती परत वर येते का बघायचं. भाराला वाळूची पोती यायची होती, ठेकेदारानं ऐनवेळी हात वर केले. हे माझ्या धाकट्या भावाला कळलं. त्याचं सिमेंटचं दुकान. गावभर तो शेठ, माझ्यासाठी बारक्या. भुंगाच्या फळीला तो दुकानात बसून पुठ्ठा म्हणतो, आणि गिऱ्हाइकं हसतात. त्यानं न मागता ट्रक भरून पोती पाठवली. सोबत निरोप: हवी तितकी घ्या, पुठ्ठा मोडताना मलाही बघायचाय.

भुंगा खूश. पोत्यावर वजन छापलेलं, मोजायची कटकट नाही. काल सगळी चढवली. आज सकाळी ती शिडीवर चढून पोती तपासत होती, तेवढ्यात मी खुर्ची, पेन आणि चहाचा थर्मास घेऊन आत आले आणि कडी लावली. टेकू माझेच आहेत, स्लॅबच्या खाली बोटभर फट सोडून उभे केलेत, पडलीच तर ते धरतील. म्हणजे मी वेडी नाही. मला फक्त घाई आहे. मुलगा खिडकीतून ओरडला, आई, काही झालं म्हणजे? मी म्हटलं, मग कागद दे, लिहून ठेवते. त्यानं कागद दिला आणि वकीलबाईंनाही बोलावून आणलं.

कलम एक. राहतं घर मुलाचं आणि सुनेचं, अर्धं अर्धं, आणि कागदावर सुनेचं नाव आधी. मुलाला वाईट वाटेल. वाटू दे. नळ गळला की पान्हा ती शोधते, हा नळाकडे बघून हळहळतो आणि ऑफिसला जातो. अट एकच. छताला फुलंपानं काढलेलं खोटं छत लावायचं नाही. बरीच वर्षं त्याच्या मनात आहे ते. तडा गेला तर दिसला पाहिजे. झाकलेलं छत आणि झाकलेला राग, दोन्ही एकदम अंगावर येतात.

कलम दोन. प्लेटा. भुंगाची फळी साच्यात ओतून तयार येते. उचलायची, भिंतीवर ठेवायची, झालं. खाली ना प्लेट ना टेकू. म्हणजे माझ्या धंद्याचा बाजार उठलाच. कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ म्हणतात. हा दांडा मी स्वतः तासून, तेल लावून दिला आणि मला त्याचा इतका आनंद आहे की सांगता सोय नाही. या प्लेटांनी माझी पाठ खाल्ली, डाव्या हाताची दोन नखं खाल्ली. सगळ्या भंगारात घाला. एक ठेवा, सून तिच्यावर कपडे आपटते. आणि इथले टेकू खोली उभी आहे तोवर हलवायचे नाहीत. कामाला येतील म्हणून नाही, शोभेला. वरच्या स्लॅबला त्यांनी अजून हात लावलेला नाही. जन्मात पहिल्यांदा ते नुसते उभे आहेत. बघायला मजा येते.

कलम तीन. बँकेत आहे ते सगळं दुसरा साचा करायला. मुलगा म्हणेल, आईची आठवण म्हणून काहीतरी करू या. हेच ते काहीतरी.

कलम चार. ही खोली भुंगाची. तिनं इथं हवं ते तोडावं. दर वर्षी छताचे तडे मोजावेत. या फळीला म्हणे बारीक बारीक तडे पुष्कळ पडतात, एकच मोठा पडत नाही, म्हणून ती सांगून वाकते. माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. मी म्हटलं, भांडणं पण अशीच हवीत. रोज थोडं थोडं. मी आणि बारक्या, आम्ही एकच मोठं घातलं.

कलम पाच. वडिलांचा ओळंबा, भिंत सरळ आहे का बघायचा, माझ्या भावाला. वडील गवंडी होते. जाताना त्याला दुकान दिलं आणि मला गंजक्या प्लेटा, आणि ओळंबा माझ्या हातात ठेवला, कारण तेव्हा हा बाहेर गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होता. तेव्हापासून त्याचा धोशा, मुलगा मी आहे, ओळंबा माझा. मी म्हटलं, तुझ्या दुकानात सरळ करायचं काय आहे? त्यानंतर तो बोलत नाही. निरोप मात्र धाडतो. मी मेल्यावर घे म्हणावं. पितळी आहे, दोरी नवी घातलीय.

कलम सहा. मी गेल्यावर सोहळा नको. फोटो मोठा करू नका, मला माझं तोंड माहीत आहे. भाषण तर कोणीच करायचं नाही. देह लॅबला द्यावा असं माझ्या मनात होतं, पण भुंगा म्हणाली, आजी, आमच्याकडे फक्त ठोकळे तोडतात. मग तो विचार सोडला.

इथपर्यंत लिहिलं आणि बाहेर गलका झाला. बारक्या आला. हसतच आला. लांबूनच विचारलं, मोडला का पुठ्ठा? मग त्यानं खिडकीतून आत बघितलं आणि खुर्चीत मी दिसले. त्याचं तोंड असं झालं जसं एक पोतं त्याच्याच तोंडावर फुटलं. आधी मुलाला शिव्या दिल्या, मग हमालांना हाका मारल्या, पोती उतरवा, सगळी उतरवा, आत्ता. भुंगा शिडीवर आडवी उभी राहिली.

"मामाआजोबा, वेळ भरायच्या आत एक पोतं हललं तर सगळं पहिल्यापासून," ती म्हणाली. "आणि आजी पण पहिल्यापासून बसेल."

तो म्हणाला, पोती माझी आहेत. ती म्हणाली, पोती तुमची, भार माझा. पोरीला वकील करायला हवी होती.

मग खिडकीशी आला. किती वर्षांनी माझ्याशी बोलला, आणि काय बोलला, तर म्हणे, ताई, बाहेर ये, तुला चक्कर येईल. मी म्हटलं, चक्कर तुला आलीय, खिडकीची जाळी धर. म्हणाला, मला वाटलं पुठ्ठा मोडेल, लोक हसतील, एवढंच. तू खाली बसशील हे कुठं माहीत होतं? मी म्हटलं, शेडमधली माणसं बसणारच होती की.



वकीलबाईंनी मधेच काढलं की दोन साक्षीदार लागतील. मुलगा, सून, भुंगा चालत नाहीत, त्यांना माझ्याकडून मिळतंय. खिडकीतून सही बघितली तरी चालेल म्हणाल्या. मला चालणार नाही. लांबून केलेली साक्ष म्हणजे लांबून केलेला नमस्कार. ज्याला माझ्या सहीची साक्ष द्यायची, त्यानं या छताचीही द्यावी. आत या.

आवारातली सगळी माणसं एकदम आपापल्या चपला बघायला लागली.

बारक्या म्हणाला, मी येतो. वकीलबाई म्हणाल्या, शेठ, साक्ष दिलीत तर कलम पाच जाईल, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. त्यानं विचारलं, कलम पाच काय आहे? त्यांनी कागद मागून घेतला आणि वाचून दाखवला, दुकानात सरळ करायचं काय आहे, ते सुद्धा. लोक हसले. तो हसला नाही. चष्मा काढून पुसला. ज्या ओळंब्यासाठी इतकी वर्षं तोंड फिरवून बसला, तो कागदावर आला होता, आणि सहीसाठी सोडायचा होता.

"खोड ती ओळ," तो म्हणाला. "कडी काढ, ताई."

कलम पाच रद्द. इथं माझी आणि वकीलबाईंची छोटी सही.

आत आला तो मान खांद्यात घालून, जणू छत त्याच्या टाळूला लागतंय. मी म्हटलं, ताठ उभा राहा, पुठ्ठा उंच आहे. मग खिळ्याला ओळंबा टांगला होता, तो काढला आणि त्याच्या हातात दिला. मृत्युपत्रात देता येत नाही तर जिवंतपणी देते. याला कायदा आडवा येत नाही, मी विचारून घेतलं. त्यानं काय करावं? आभार नाही, काही नाही. सवयीनं दोरी धरली, ओळंबा भिंतीला लावला, एक डोळा मिटून बघत राहिला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, भिंत सरळ आहे. माझ्या भावाच्या तोंडून दुसऱ्याच्या कामाची याहून मोठी स्तुती कोणी ऐकलेली नाही. त्याच दमात खिडकीतून भुंगाला विचारलं की एक फळी वजनाला किती भरते, आणि दुकानात उभ्या ठेवायच्या की आडव्या.

दुसरा साक्षीदार मिळेना. एवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि हवालदारीण आली. शेडमधून कोणीतरी सांगितलं असणार, म्हातारी खरंच बसलीय. ती कोणाला काही न विचारता आत आली. मला बघितलं, टेकू बघितले, टेकू आणि स्लॅब यांच्या मधल्या फटीत स्वतःचं बोट घालून बघितलं. मग कोपऱ्यातला झाडू उलटा धरून दांड्यानं छताला तीन दणके दिले. बाहेर भुंगा किंचाळली. बारक्यानं डोळे मिटले. मी चहा पीत होते, कप हलला नाही.

हवालदारीण खोलीत गोल फिरली. पावलांनी ही भिंत मोजली, ती भिंत मोजली. खिडकीपाशी थांबली.

बाहेर भुंगानं ओरडून सांगितलं की वेळ भरली. वाक होता, पण तिनं लिहून दिलेल्या हद्दीच्या निम्म्यातच थांबलाय. हमाल वर चढले. पोती उतरतायत, वर पावलं वाजतायत, आणि मापाचा काटा उलटा फिरायला लागलाय. भुंगा खिडकीला नाक लावून त्याच्याकडे बघतेय, रडतेय की हसतेय कळत नाही, बहुतेक दोन्ही. वकीलबाई म्हणतात, सह्या करा. मलाही तेच म्हणायचंय, सगळी पोती उतरली तर कागदावरचं ठिकाण खोटं ठरेल. पण हवालदारीणबाईंनी पेन हातात घेतलं आणि सही करायच्या आधी मला विचारलं.

"मावशी, ओटा कुठल्या बाजूला येणार?"

कलम सात आणि शेवटचं. शेडमधल्या माणसांची जी घरं या फळ्यांची होतील, त्यांत ओटा खिडकीखाली घ्यावा. माझा हुकूम चालत नसेल तर विनंती समजावी, पण घ्यावा. भुंगानं नकाशात तो दाराशी काढलाय, ते चूक आहे. वाफ बाहेर जायला नको का?

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं, आणि पुन्हा वाचायला वेळ नाही.

सही: प्लेटावाली, स्वतःच्या हाताची.

साक्षीदार एक: तिचा सख्खा धाकटा भाऊ, सिमेंटवाला. या मृत्युपत्रातून काही मिळालेलं नाही. ओळंबा खिशात.

साक्षीदार दोन: हवालदारीण. संमतीच्या कागदावरही सही करते म्हणाली, ओट्याचं लेखी मिळाल्यावर.

तारीख: पोती चढवली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आकडे वकीलबाई घालतील.

ठिकाण: भावाच्या पोत्यांखाली. आत्ता शेवटचं उतरलं. छताखाली.