गुंडाळ गाशा!

१४ तारीख, रविवार सकाळ

तीर्थरूप आईंना साष्टांग नमस्कार.

एवढं लिहिलं आणि चहा गार होईपर्यंत त्याकडे बघत बसले. घटस्फोट झाल्यापासून कायद्याने तुम्ही माझ्या कुणी लागत नाही. एका कागदावर 'प्रिय काकू' असंही लिहून पाहिलं. ते वाचून तुम्ही कागदाचा बोळा केला असता आणि माझ्याच डोक्यात मारला असता. तेव्हा आईच. गुडघा काय म्हणतोय? मी मजेत आहे. वजन वाढलंय, हे तुम्ही बघितल्या बघितल्या बोलणारच, म्हणून आधीच सांगून टाकते.

आपल्या मालिकेतल्या मालकीणबाई गेल्या. तुम्हाला कळलं असेलच. बातमी ऐकली आणि माझा हात आधी फोनकडे गेला, तुम्हाला करायला. नंबर अजून तोंडपाठ आहे. पण मग विचार आला, की टीव्हीतली एक बाई गेली, ती ना तुमच्या नात्यातली ना माझ्या, आणि आपण दोघी तरी एकमेकींच्या कोण? कुणी कुणाचं सांत्वन करायचं? फोन ठेवून दिला. तेव्हापासून मात्र तुम्ही डोळ्यांसमोरून हलत नाही आहात. सोफ्याच्या त्या खचलेल्या कोपऱ्यात एकट्या बसलाय, चष्मा पुसताय आणि 'सर्दी झालीय' असं कुणी न विचारता भिंतीला सांगताय.

माझी नोकरी तीच, दातांच्या दवाखान्यात. आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्ही आहे, त्यावर एरवी एक कार्टूनमधला दात स्वतःला घासत असतो. परवा मात्र चॅनलवाल्यांनी सकाळपासून आपली मालिका लावली होती, एकामागून एक सगळे भाग. डॉक्टरीणबाई आतून ओरडल्या, "आवाज बंद करा, इथे लोक वेदनेत आहेत!" वेदनेतल्या लोकांनी एकमुखाने सांगितलं, "अहो, राहू द्या!"

नळाचा भाग लागला होता. मालकीणबाई किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत जिना चढून येतात, "गुंडाळ गाशा! आत्ताच्या आत्ता!" म्हणून भाडेकरू पोरीवर कडाडतात, तेवढ्यात त्यांना गळका नळ दिसतो, आणि मग पोरीला शिव्या घालत घालत स्वतःच पाना घेऊन नळाखाली बसतात. भिजून चिंब होऊन निघतात आणि जाताना स्वतःची छत्री पोरीला ठेवून जातात. आई, सबंध खोलीला ते पाठ होतं! कवळी दुरुस्तीला दिलेले एक आजोबा सगळे संवाद आधीच म्हणत होते, त्यात शब्द कमी आणि वारा जास्त. भूल दिलेला एक बसड्रायव्हर अर्ध्या तोंडाने हसत होता, रडत होता मात्र दोन्ही डोळ्यांनी.

आणि अशात कोण यावं? तुमच्या भिंतीपलीकडच्या वहिनी. दाढ काढायला.

मला बघून त्यांना इतका आनंद झाला की दाढ विसरल्या. खुर्चीत बसल्या, मी गळ्याभोवती रुमाल बांधत होते, तर माझा हात धरून म्हणाल्या, "सुटलीस गं बाई! आम्ही ऐकायचो ना रोज संध्याकाळी. 'गुंडाळ गाशा, नीघ माझ्या घरातून!' काय तो आवाज! सासू कसली, कैदाशीण नुसती. शेवटी काढलंच तुला बाहेर. सगळ्या बिल्डिंगला माहितीय."

मी रुमालाची गाठ जरा जास्तच आवळली.

आई, ते मालकीणबाईंचं वाक्य होतं हो! मालिका संपली की आपण दोघी स्वयंपाकघरात तोच तमाशा पुन्हा करायचो. तुम्ही कपाटाच्या किल्ल्या खुळखुळवत यायच्या, "गुंडाळ गाशा!" आणि मी पातेलं घासता घासता ओरडायची, "निघते की! पण जाताना तुमचा जिना घेऊन जाईन!" आणि मग आपण ओट्याला टेकून पोट धरधरून हसायचो. भिंतीपलीकडे ओरडणं तेवढं गेलं. हसणं कसं नाही गेलं? बहुधा हसताना आपला आवाजच फुटायचा नाही. तुम्ही तर हसताना नुसत्या हलायच्या.

म्हणजे मी गेल्यापासून तुम्ही त्या लोकांमधून जिना चढताय, उतरताय, आणि प्रत्येक जण मनात म्हणतोय, हिनेच सुनेला घालवलं. तुमच्या कानावर हे कधी आलं नसेल असं मला वाटत नाही. तुम्हाला बिल्डिंगमधल्या मांजराचं बाळंतपणही आधी कळतं. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद केली असती तुम्ही. पण मग लोकांनी विचारलं असतं, 'सासू चांगली होती, तर बिनसलं कुणामुळे?' आणि तुम्हाला ना मुलाचं नाव सांगायचं होतं, ना माझं. बरोबर ना? नको, याचं उत्तर देऊ नका. तुम्ही खोटंच सांगाल.

तर, वहिनींची दाढ निघाली. डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा दाबून बजावलं, "अजिबात तोंड उघडायचं नाही." अशी संधी पुन्हा कधी येणार! मी त्यांना हाताला धरून थेट टीव्हीपुढे नेऊन बसवलं. मालकीणबाईंनी "गुंडाळ गाशा!" म्हटल्याबरोबर मी, अंगात ॲप्रन, हातात मोजे, उत्तर ठोकलं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, परत माझ्याकडे. मग मी तुमची भूमिका केली. दवाखान्याच्या किल्ल्या घेतल्या, तुमच्या दुखऱ्या गुडघ्यासकट खोलीभर फिरले. हसताना नुसतं हलूनही दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या! वहिनी "म्म! म्म!" करत होत्या, आणि मग त्या अशा हसल्या की बोळा उडून बसड्रायव्हरच्या मांडीवर पडला. आम्हा दोघींना डॉक्टरीणबाईंची बोलणी बसली. "हा शोक चाललाय की बारसं?" असं त्यांनी विचारलं, आणि जाताना स्वतःच डोळे टिपले.

आजोबा म्हणाले, बाईंसाठी थोडा वेळ शांत उभं राहू या. सगळे उभे राहिलो, माना खाली. आणि तेवढ्यात आतल्या बेसिनचा नळ गळायला लागला. टप. टप. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, कारण बघितलं असतं तर संपलंच होतं. आधी आजोबाच फुटले. मग आम्ही सगळे, रांगेने. आई, मी इतकी हसले, इतकी हसले, की कधी रडायला लागले ते मला कळलंच नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

मी निघाले तो दिवस. तुमचे चिरंजीव खाली गाडी थांबवायला गेले होते. त्यांचं माझं भांडण कधीच नव्हतं. दोन बरी माणसं, जेवायला समोरासमोर बसली की बोलायला विषय नाही, एवढंच. दारात माझ्या बॅगा होत्या आणि तुम्ही होतात. मी थांबले होते. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल. माझं उत्तर तयार होतं. तुम्ही तोंड उघडलंत, आणि मग खाली वाकून माझ्या बॅगेची चेन नीट केलीत. "सावकाश जा" म्हणालात. जिन्याचं ते वाक्य तोंडात धरून मी तो जिना उतरले.

मालकीणबाईंनी ज्या पोरीला ओरडून हाकललं, ती पुढच्या भागात पुन्हा घरात असायची. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणून मला वाटलं, आता खरंच गेले मी. म्हणून आले नाही, फोन केला नाही. मला तुमची फार आठवण येते, आई.

नव्या सूनबाई चांगल्या आहेत असं वहिनींनी वहीवर लिहून सांगितलं. ते दोघं नोकरीच्या गावी असतात, तुम्ही एकट्याच, हेही लिहिलं. तिला आपला तमाशा शिकवलात का? शिकवला असेल तर खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखेल. तिला दुसरी एखादी मालिका शिकवा. मालिकांना काय तोटा आहे!

येत्या शनिवारी संध्याकाळी शेवटचा भाग दाखवणार आहेत. मी दुपारीच येतेय, रविवारपर्यंत राहायला. वहिनींनाही बोलावलंय. यापुढे त्या भिंतीच्या अलीकडे बसून ऐकणार आहेत. तुमची परवानगी विचारत नाहीये, नुसतं कळवतेय.

फक्त एक करा. रविवारी मी निघाले की दारात उभ्या राहा आणि ओरडा. चांगलं खणखणीत, सगळी बिल्डिंग बाहेर आली पाहिजे. पुन्हा 'सावकाश जा' म्हणालात, तर बघा.

जिन्यासकट तुमचीच,
सून